लेकीचे नाव

जालना जिल्ह्यातील जाफराबाद तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. टेंभुर्णी हे एका वृक्षाचेही नाव आहे. त्या वृक्षाची पाने विड्या वळण्यासाठी वापरतात. परंतु या नावाचे गाव महाराष्ट्रात एकच नाही. सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यातही एक टेंभुर्णी आहे. म्हणून पत्रावर नुसते 'टेंभुर्णी' असे लिहून भागत नाही. पुढे तालुका आणि जिल्हा लिहावा, तेव्हाच पत्र योग्य घरी पोचते.

माणसाच्या नावाचेही असेच आहे. एका वर्गात दोन पूजा असल्या, म्हणजे हजेरी घेताना गुरुजी वडिलांच्या नावासह हाक मारतात. पहिले नाव मुलीचे स्वतःचे असते. मधले नाव ती कोणाची, हे सांगते.

टेंभुर्णीसारख्या गावात मुलीचे बारसे असले, की घर सकाळपासून गजबजून जाते. पाळण्याला फुलांच्या माळा बांधतात. शेजारच्या बायका कुंची, अंगडे, खेळणे असे काहीबाही घेऊन येतात. घुगऱ्या शिजत असतात. पण खरी लगबग असते ती नावाची. वडील पंचांग पाहून जन्मनक्षत्राचे अक्षर काढतात. आजीला वाटते, कुलदेवतेचे नाव असावे. आजोबांना नदीचे नाव आवडते. जाफराबाद तालुक्यातून पूर्णा नदी वाहते आणि पुढे गोदावरीस मिळते. मग नातीचे नाव पूर्णा का असू नये? आईच्या मनात मात्र एखादे नवे नाव कित्येक दिवसांपासून घोळत असते. अखेर सर्वांचे एकमत होते आणि आत्या बाळाच्या कानाशी वाकून ते नाव हळूच सांगते. त्या नावाचा पहिला उच्चार बाळासाठीच असतो. लोकांना ते मागाहून कळते.

नाव निवडताना ते मधल्या नावाबरोबर मोठ्याने म्हणून पाहावे, असे जाणती माणसे सांगतात. कारण पुढे ती दोन नावे जन्मभर एकत्र नांदणार असतात. 'उषा दिनकर' हे नाव ऐकताच डोळ्यांपुढे पहाट उभी राहते. 'सरिता सागर' या दोन शब्दांत नदीची सारी वाट सामावते. याउलट 'निशा दिनकर' असे नाव ठेवले, तर रात्र आणि सूर्य यांची एकाच ओळीत गाठ पडते! अर्थाप्रमाणे नादही पाहावा लागतो. वडिलांचे नाव लांब असेल, तर मुलीचे दोन अक्षरी नाव त्याच्यापुढे शोभते. दोन्ही नावांत तेच तेच कठीण जोडाक्षर आले, तर जीभ अडखळते.

परंतु मधल्या जागी नाव कोणाचे असावे, हा प्रश्न नादाहून आणि अर्थाहूनही मोठा आहे. त्याची उत्तरे काळाप्रमाणे बदलत आली आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी गोदावरीच्या काठी प्रतिष्ठान, म्हणजे आजचे पैठण, ही सातवाहन राजांची राजधानी होती. त्या घराण्यातील प्रतापी राजे आपल्या नावाआधी आईचे गोत्रदर्शक नाव लावीत. गौतमीचा पुत्र तो गौतमीपुत्र सातकर्णी. वासिष्ठीचा पुत्र तो वासिष्ठीपुत्र पुळुमावी. सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने कोरविलेला लेख नाशिकच्या लेण्यांत आजही पाहावयास मिळतो. गंगाखेडच्या संत जनाबाईंनी तर आपले नाते आपणच निवडले. त्यांच्या अभंगांच्या शेवटी त्यांच्या नावाशी जोडून येते ते नामदेवांचे नाव.

पुढे मात्र मुलीच्या नावामागे आधी वडिलांचे आणि विवाहानंतर पतीचे नाव लावण्याची रीत रूढ झाली. अनेक घरांत लग्नात मुलीचे पहिले नावही बदलत. ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने नवे नाव लिहीत आणि माहेरचे नाव मागे राही. 1886 साली अमेरिकेत वैद्यकीय पदवी मिळविणाऱ्या डॉ. आनंदीबाई जोशी आणि पुण्याच्या सेवासदन संस्थेच्या कार्याला वाहून घेणाऱ्या रमाबाई रानडे यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. या दोघींचेही माहेरचे नाव यमुना होते. पाळण्यात मिळालेले ते नाव आज किती जणांना ठाऊक आहे?

बदललेल्या नावाहूनही अधिक दुःखाचे असे एक नाव महाराष्ट्रात होते. मूल जगावे, त्याला दृष्ट लागू नये, म्हणून पूर्वी काही आईबाप त्याचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवीत. त्या ओबडधोबड नावामागे माया होती. परंतु मुलगा हवा असताना मुलीच होत गेल्या, म्हणजे काही घरांत धाकटीचे नाव 'नकुशी' ठेवीत. नकुशी म्हणजे नको असलेली. शाळेत हजेरी होताना, विहिरीवर पाणी भरताना, खेळात गडी निवडताना, प्रत्येक हाकेबरोबर त्या मुलीला आपण नको होतो, हे ऐकावे लागे. सातारा जिल्ह्यात अशा मुलींचा शोध घेण्यात आला आणि 22 ऑक्टोबर 2011 रोजी 285 मुलींचा नामकरण समारंभ झाला. नव्या नावाचे प्रमाणपत्र आणि फुले त्यांच्या हाती देण्यात आली. बारसे बाराव्या दिवशी होते खरे. या मुलींचे खरे बारसे त्या दिवशी झाले.

मधल्या नावाच्या रीतीतही आता पालट झाला आहे. मार्च 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने निर्णय घेतला, की 1 मे 2024 रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या मुलामुलींच्या नावात शासकीय कागदपत्रांवर आधी बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव यावे. मुलीला ज्या माउलीने जन्म दिला, तिचे नाव पूर्वी लेकीच्या नावात कोठेच दिसत नसे. आता ते वडिलांच्या नावाआधी येऊ लागले आहे. म्हणून नाव म्हणून पाहताना आता तीन शब्दांचा मेळ घालावा लागतो. आईचे नाव संध्या आणि वडिलांचे दिनकर असेल, तर लेकीचे नाव उषा ठेवावे: 'उषा संध्या दिनकर'! पहाट, सायंकाळ आणि सूर्य. तीन शब्दांत अवघा दिवस मावला.

जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत करावी, असे 1969 चा कायदा सांगतो. नाव मात्र मागाहूनही नोंदविता येते. तेव्हा घाई न करता, चार माणसांचा विचार घेऊन नाव ठेवावे. दागिने मोडतात, कपडे विरतात, घरे बदलतात; नाव तेवढे सोबत राहते. ते ऐकताना लेकीला आयुष्यभर वाटले पाहिजे, की आपण या घराला हव्या होतो.

शब्दार्थ

कुंची – लहान मुलाचे डोके व पाठ झाकणारे वस्त्र
घुगऱ्या – भिजवून शिजविलेले अख्खे धान्य
गोत्रदर्शक – गोत्र दाखविणारे
रूढ – प्रचारात असलेले
पालट – बदल

स्वाध्याय

1. पत्रावर नुसते 'टेंभुर्णी' असे लिहून का भागत नाही?
2. सातवाहन राजे आपल्या नावाआधी कोणाचे नाव लावीत? दोन उदाहरणे द्या.
3. 'दगडू' आणि 'नकुशी' या नावांमागील भावनांत कोणता फरक आहे?
4. 'या मुलींचे खरे बारसे त्या दिवशी झाले', असे का म्हटले आहे?
5. आपले नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने स्वतःचे पूर्ण नाव लिहा. त्यातील प्रत्येक नावाचा अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारा.
6. आपले नाव कोणी व का ठेवले, याविषयी दहा ओळी लिहा.