सही केलेलं ‘ऋतुचक्र’ घरात सापडलं तर

वाडा पाडायला काढला, की माळ्यावरच्या ट्रंका खाली येतात. जुन्या दिवाळी अंकांच्या गठ्ठ्यातून एखादं ‘ऋतुचक्र’ निघतं आणि आतल्या पानावर शाईत लेखिकेची सही दिसते: दुर्गा भागवत. पण असे गठ्ठे हाताळताना दोन चुका हमखास होतात. एक तर कुणी आत न बघताच गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूवर जातो. नाहीतर घरातलं कुणी हौसेनं पुस्तकाला नवं बाइंडिंग करून आणतं. दुसरी चूक पहिलीइतकीच महागात पडते.

चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्याचं रूप सांगणारं हे पुस्तक १९५६ साली आलं आणि मराठी निसर्गलेखनाला त्यानं वाट करून दिली. पुढं त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. म्हणून सही पाहून हरखून जाण्याआधी पुस्तक नीट तपासायला हवं.

१. जसं आहे तसं टिपून ठेवा

हात धुऊन कोरडे करा. पुस्तक पूर्ण उताणं उघडू नका, जुनी शिवण तुटते. वेष्टन, मुखपृष्ठ, सहीचं पान आणि प्रकाशनाच्या तपशिलाचं पान यांचे फोटो खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न वापरता काढा. पानांत पत्र, बसचं तिकीट किंवा दाबलेलं फूल असेल, तर ते कोणत्या पानावर होतं ते लिहा आणि वेगळ्या पाकिटात ठेवा. फुलाचा डाग कागदात उतरतो. पण ते कुठं होतं, ही माहितीही जपण्यासारखीच.

२. आवृत्ती ओळखा

आवृत्तीचा उल्लेख असेल तर प्रश्न मिटला. ते पान फाटलेलं असेल, तर किंमत बघा. आपल्याकडे दशमान नाणी १ एप्रिल १९५७ ला आली, त्यामुळे १९५६ च्या प्रतीवर नवे पैसे छापलेले असणार नाहीत. ‘नवे पैसे’ असतील, तर ती छपाई १९५७ नंतरची आणि बहुधा १९६४ च्या आधीची. कारण त्या वर्षी ‘नवे’ हा शब्द गळला. प्रकाशकाच्या पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल, तर प्रत ऑगस्ट १९७२ नंतरची. नुसतं शके दिलं असेल, तर त्यात ७८ मिळवा. प्रकाशन जानेवारी ते पाडव्यादरम्यानचं असेल तर ७९. शके १८७८ म्हणजे १९५६ च्या पाडव्यापासूनचं वर्ष.

३. सही कुणाची, ते ठरवा

सगळ्यात जास्त फसगत इथंच होते. आपल्याकडे लग्नामुंजीत पुस्तकं भेट देत. आतल्या पानावर ‘चि. सौ. कां. हिस सप्रेम भेट’ असं लिहून खाली देणाऱ्याची सही असे. कुणी मालकीचं नाव घालताना लेखिकेचं नावही हातानं लिहून ठेवी. म्हणून सगळा मजकूर एकाच हाताचा आहे का, ते पाहा.

मग भिंग घ्या. दौतीच्या शाईच्या पेनानं केलेली सही कागदाच्या तंतूंत थोडी पसरते आणि रेघ कुठं जाड, कुठं बारीक होते. छापलेली सही बऱ्याचदा बारीक ठिपक्यांची दिसते. रबरी शिक्क्याच्या सहीत शाई कडेला साचते. जेल पेन १९८० च्या दशकात निघाले, तेव्हा त्या शाईतल्या सहीखाली १९५८ साल असेल तर ती खोटी. दुर्गाबाई ७ मे २००२ ला गेल्या. त्यानंतरच्या तारखेचा प्रश्नच उरत नाही. जुन्या आवृत्तीवर उशिराची सही मात्र असू शकते. वाचक जुनी प्रत घेऊन लेखकाला भेटायला जातच असत.

अक्षर जुळवायचं, तर त्यांच्या हातच्या पत्राशी जुळवा. इंटरनेटवरच्या एका फोटोवर विसंबू नका.

४. दुरुस्तीचा मोह आवरा

चिकटपट्टी लावू नका. काही वर्षांनी ती पिवळी पडते आणि कागदाला घेऊन निघते. फेविकॉल नको, लॅमिनेशन तर नकोच. बाइंडरकडे दिलं, की तो कडा कापून सरळ करतो. त्यात समासातला मजकूर जातो, कधी सहीची शेपटीही. पानं सुटली असतील, तर धुतलेल्या, खळ नसलेल्या पांढऱ्या सुती पट्टीनं पुस्तक सैल बांधा आणि संवर्धन करणाऱ्या माणसाला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं असं केंद्र आहे.

५. पावसाळ्याची तयारी

कोकण-गोव्याच्या आषाढात पुस्तकाला बुरशी लागायला आठवडा पुरतो. बाहेरच्या भिंतीला टेकलेल्या कपाटात ते ठेवू नका, प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नका. पोथी बांधतात तसं कोऱ्या सुती कापडात गुंडाळा, पण रंग सोडणारं लाल बासन नको. डांबरगोळ्या नकोत. वेखंड किंवा कडुनिंबाचा सुका पाला ठेवायचा, तर पुरचुंडीत बांधून कपाटाच्या कोपऱ्यात. पानांत कधीच नाही. महिन्यातून एकदा उघडून कसर लागली का ते बघा. भिजलंच, तर ऊन आणि इस्त्री दोन्ही टाळा. पानांमध्ये टीपकागद घालून पंख्याच्या वाऱ्यावर वाळवा.

६. विकायचं, द्यायचं, की ठेवायचं

ठरलेला भाव असा नसतो. पहिली आवृत्ती, मूळ वेष्टन आणि सही कुणासाठी केली, यावर किंमत चढते. किमान दोन जाणकारांना विचारा आणि विचारताना प्रत हातची सोडू नका.

ग्रंथालयाला द्यायचं, तर मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) अशा संस्था आहेत. मुंबईची एशियाटिक सोसायटी तर दुर्गाबाईंच्या रोजच्या वाचनाची जागा. आणीबाणीत, १९७६ मध्ये, त्यांना अटक झाली तीही तिथंच. देण्याआधी एक गोष्ट लेखी ठरवा: प्रत दुर्मीळ विभागात राहील आणि सहीच्या पानावर शिक्का बसणार नाही. संपूर्ण पुस्तक स्कॅन करून इंटरनेटवर टाकू नका. त्याचा स्वामित्वहक्क २०६२ अखेरपर्यंत आहे. सहीच्या पानाचा फोटो पुरे.

७. चिठ्ठी लिहा

हे पुस्तक कुणाचं होतं, कुठं आणि कधी सही घेतली, तुमच्याकडे कसं आलं, हे घरातल्या थोरांना विचारा. उत्तर वेगळ्या कागदावर पेन्सिलीनं लिहा, खाली तारीख घाला आणि कागद पुस्तकासोबत ठेवा, पुस्तकात नाही. सही आज आहे तशीच उद्याही राहील. तिची गोष्ट सांगणारी आजी राहणार नाही. म्हणून हे सातवं काम सगळ्यात आधी उरका.