‘प्रिटेंड’ : सोंग की दावा?

इंग्रजी लिहिताना आपले विद्यार्थी अवघड शब्दांपेक्षा ओळखीच्या शब्दांपाशीच अधिक अडखळतात, असा आमचा अनुभव आहे. ‘प्रिटेंड’ म्हणजे सोंग करणे हे बहुतेकांना ठाऊक असते. वाक्य करताना मात्र मराठीचा साचा उतरतो आणि ‘ही प्रिटेंडेड अ‍ॅज ही वॉज इल’ असे चुकीचे वाक्य तयार होते.

या क्रियापदानंतर ‘टु’ लावून मूळ क्रियापद येते, नाहीतर ‘दॅट’ने सुरू होणारे उपवाक्य येते. ‘ही प्रिटेंडेड टु बी इल’ किंवा ‘ही प्रिटेंडेड दॅट ही वॉज इल’. ‘जणू’ हा अर्थ क्रियापदाच्या पोटातच असल्याने वेगळे ‘अ‍ॅज’ नको. पुस्तक समोर धरून खिडकीबाहेर लक्ष असणाऱ्या मुलाविषयी ‘ही प्रिटेंडेड टु बी रीडिंग’ असे लिहावे.

‘नॉट’ची जागा मात्र फार जपावी. ‘ही डिड नॉट प्रिटेंड टु नो’ म्हणजे माहीत असल्याचे सोंग त्याने केले नाही. हा प्रामाणिक मनुष्य. ‘ही प्रिटेंडेड नॉट टु नो’ म्हणजे माहीत असूनही नसल्याचे सोंग केले. एक शब्द सरकला आणि सज्जन लबाड ठरला!

याहून मोठा धोका अर्ज व तक्रारी लिहिताना असतो. ‘प्रिटेंड’ लिहिणाऱ्याने समोरचा खोटा आहे हे आधीच ठरवलेले असते. ‘द अ‍ॅप्लिकंट क्लेम्स टु बी अ स्टुडंट’ म्हणजे अर्जदार तसे सांगतो, खरेखोटे तपासायचे आहे. तेथे ‘प्रिटेंड्स’ घातले की चौकशीपूर्वीच निकाल लागला. शिष्यवृत्ती किंवा दाखल्याच्या कागदावर हा शब्द कोणी आपल्याविषयी लिहिला, तर तो दुरुस्त करून घ्यावा. आपणही दुसऱ्याविषयी पुराव्याशिवाय लिहू नये.

गंमत अशी की, जुन्या इंग्रजीत ‘प्रिटेंड’चा अर्थ दावा सांगणे असाही होता. १७४५ साली ब्रिटनच्या गादीसाठी उठाव करणाऱ्या चार्ल्स एडवर्ड स्टुअर्टला ‘यंग प्रिटेंडर’ म्हणतात. तो दुसऱ्या जेम्सचा खरा नातू होता. सदाशिवरावभाऊंच्या तोतयासारखा तो तोतया नव्हे. इतिहासाच्या पुस्तकात या शब्दाचे भाषांतर ‘ढोंगी’ करू नये.

सरावासाठी एक वाक्य देतो : ‘त्याने मला ओळखत नसल्याचे दाखवले.’ हे ‘टु’ने आणि ‘दॅट’ने, असे दोन्ही प्रकारे लिहावे आणि ‘नॉट’ कोठे बसते ते पाहावे.