पडदा चालू, हात रिकामे

शाळेला मिळणारी वस्तू नाकारायची आपल्याकडे रीत नाही. गावचा कोणी मुंबईत माथाडी कामाला असतो, कोणी गलाईच्या धंद्यात दक्षिणेकडे स्थिरावलेला असतो. यात्रेला आला की शाळेत डोकावतो आणि विचारतो, "गुरुजी, शाळेला काय पायजे?" २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाल्यापासून या प्रश्नाला आम्हा शिक्षकांचं उत्तर ठरलेलं असायचं: डिजिटल वर्ग.

माण तालुक्यातल्या आमच्या द्विशिक्षकी शाळेलाही तो मिळाला. प्रोजेक्टर, पडदा, इन्व्हर्टर आणि पहिली ते चौथीचे सगळे पाठ भरलेला पेनड्राइव्ह. सुरुवातीला वस्तीवरची मोठी पोरंही खिडकीला लोंबकळून बघायची. पुढे जे बिनसलं ते यंत्र बिघडल्यामुळे नव्हे. यंत्र ठणठणीत चालू असतानाच बिनसलं, म्हणून हे सांगावंसं वाटतं.

प्रोजेक्टरचं चित्र नीट दिसायचं तर खिडक्या लावाव्या लागतात. पत्र्याच्या खोलीत, मार्च महिन्यात. अंधारात मुलाची वही दिसत नाही, बोट कुठल्या अक्षराखाली आहे ते दिसत नाही, मागच्या रांगेत कोणाचा चेहरा कोरा आहे तेही कळत नाही. त्यात दोन शिक्षक आणि चार इयत्ता म्हटल्यावर मोह होतोच की दुसरीला कविता लावून द्यावी आणि तेवढ्यात चौथीचा भागाकार उरकावा. मुलं चिडीचूप बसतात. भेटीला आलेले साहेब खूश होऊन शेरेबुकात छान शेरा लिहितात. काही दिवसांनी दुसरीला ती कविता चालीसकट पाठ झाली, पण तिच्यातलीच एक ओळ फळ्यावर लिहिली तर निम्म्या वर्गाला वाचता येईना. पडद्याच्या तळाशी अक्षरं सरकत होती खरी, पण मुलांचे डोळे वर उड्या मारणाऱ्या माकडावर होते.

तेव्हापासून मी एकच गोष्ट बघतो. पडदा चालू असताना मुलांचे हात काय करतायत? हात नुसते मांडीवर असतील तर करमणूक चालली आहे. करमणूकही शाळेत हवी, शनिवारी जरूर दाखवा. पण तिची नोंद अध्यापन म्हणून करू नका.

बी रुजण्याचा पाठ घ्या. पेनड्राइव्हात त्याची फार देखणी चित्रफीत होती. मिनिटभरात बी फुगतं, मोड येतो, पानं फुटतात, मागे बासरी वाजते. आमच्या भागात मटकी घराघरांत पिकते आणि मोडही घराघरांत येतात. तरी चित्रफीत बघून मुलांनी एक प्रश्न विचारला नाही. मग मटकी भिजवली, फडक्यात बांधली, आणि रोज सकाळी प्रार्थनेनंतर गाठोडं सोडून फोनवर एक फोटो काढायचं काम मुलांवर सोपवलं. रोज तीच ताटली, तीच जागा. आठवड्याच्या शेवटी ते फोटो एकामागोमाग एक पडद्यावर सरकवले. आता मात्र वर्गात गलका झाला. "गुर्जी, ह्यो बघा, ह्यो गणंग हाय, ह्याला मोडच न्हाय." चित्रफितीत प्रत्येक बी रुजत होतं, आमच्या ताटलीत काही दाणे दगडासारखे तसेच राहिले होते. ते का रुजले नाहीत, यावर पुढचे दोन तास गेले. कोणी जुनं बी म्हणालं, कोणी पाणी कमी पडलं म्हणालं. एका मुलीने तेच दाणे पुन्हा भिजवून बघायचं ठरवलं. पडदा तोच होता आणि फोनही साधाच होता. फरक एवढाच की मुलांचे हात आधी कामाला लागले आणि पडदा मागून आला.

हा क्रम माझ्या एकट्याच्या अनुभवावर बेतलेला नाही. ली लिंडन या अर्थशास्त्रज्ञाने गुजरातेत 'ज्ञानशाला' संस्थेच्या वर्गांमध्ये संगणकाच्या वापराचा अभ्यास केला. तो २००८ साली पुढे आला. शिक्षकाच्या तासाच्या जागी संगणक ठेवला तिथे मुलं संगणक नसलेल्या वर्गांतल्या मुलांपेक्षा कमी शिकली. तोच संगणक शाळेच्या वेळेबाहेर सरावासाठी दिला तिथे मुलांना, त्यातही कच्च्या मुलांना, फायदा झाला. पेरू देशात 'मुलागणिक एक लॅपटॉप' ही योजना राबवली. तिथल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या २०१२ सालच्या अहवालात गणित आणि भाषेत काही सुधारणा आढळली नाही. याच योजनेचा भारतातला प्रयोग २००७ साली आपल्या रायगड जिल्ह्यातल्या खैरात गावात झाला होता. हिरवे-पांढरे लॅपटॉप घेतलेल्या मुलांचे फोटो पुष्कळांनी पाहिले असतील. फोटो छानच होते.

माझ्या मते प्राथमिक शाळेतलं सगळ्यात उपयोगी यंत्र म्हणजे फोनमधला आवाजाचा रेकॉर्डर. त्याला पडदा लागत नाही, नेट लागत नाही, खर्च शून्य. मुलाने पुस्तकातला एक परिच्छेद व्हरांड्यात बसून वाचायचा, रेकॉर्ड करायचा आणि स्वतःच ऐकायचा. अडखळलेलं शिक्षकाने दाखवलं तर मूल कानकोंडं होतं. स्वतःच्या कानाने ऐकलं तर हसतं आणि सांगायच्या आत पुन्हा वाचायला घेतं. जून-जुलैचं वाचन जपून ठेवा आणि दिवाळीनंतर त्याच मुलाला ऐकवा. प्रगतिपुस्तकातल्या श्रेणीने जे कळत नाही ते त्याला तिथे कळतं. आमच्याकडच्या एका आईला लिहिता-वाचता येत नाही. व्हॉट्सॲपवर लेकीचं वाचन आलं की ती ते शेजारणींना ऐकवते आणि संध्याकाळी लेकीला पुन्हा वाचायला बसवते. पालकसभेत आमच्या भाषणांनी एवढं कधी साधलं नव्हतं. एक पथ्य मात्र पाळा, चुकलेलं वाचन वर्गासमोर लावू नका.

पडद्याची गरज नाही असं मी म्हणत नाही. आमच्या मुलांनी समुद्र पाहिलेला नाही. भरती-ओहोटी फळ्यावर खडूने किती समजावणार? २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरलं ती वेळ संध्याकाळी ६ वाजून ४ मिनिटांची, म्हणजे शाळा सुटल्यानंतरची. तरी मुलं आली, आयाबाप आले, म्हातारी माणसं आली. त्या दिवशी प्रोजेक्टरचे पैसे फिटले असं मी अजूनही म्हणतो. वरच्या वर्गांना विज्ञान शिकवणाऱ्यांनी 'फेट'ची सिम्युलेशनं बघावीत. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेत कोलोरॅडो विद्यापीठात हा प्रकल्प सुरू केला. ती मराठीत मिळतात, फुकट आहेत, एकदा उतरवून घेतली की नेटशिवाय चालतात, आणि मुलाला त्यात हवं तेवढं चुकता येतं. पण त्याआधी सेल, वायर आणि टॉर्चचा बल्ब हातात द्या. अरविंद गुप्तांनी काडेपेटी, स्ट्रॉ आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबमधून जे विज्ञान उभं केलं, ते याच वाटेने जातं.

पुस्तकातल्या क्यूआर कोडबद्दलही थोडं. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी तो मार्ग दाखवला, २०२० साली त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, आणि बालभारतीच्या पुस्तकांत आज कोड असतात. कल्पना उत्तम आहे. पण घरातला एकुलता फोन बापाबरोबर कामावर जातो आणि रात्री परत येतो तेव्हा दिवसाचा डेटा संपलेला असतो. म्हणून कोडवरचा गृहपाठ देऊ नका. जे दाखवायचं ते शाळेत उतरवून घ्या आणि शाळेतच दाखवा.

आता खरेदीचं. आमचा पेनड्राइव्ह डोंगल लावल्याशिवाय उघडत नसे आणि डोंगलची मुदत वर्षाची होती. मुदत संपल्यावर विकणाऱ्याचा फोन लागेना. तशी मुदत असती तरी फार उपयोग नव्हता, कारण पुस्तकं बदलतात. २०२५-२६ पासून पहिलीचं पुस्तक नवं आलं, तिथून पुढे जुन्या पाठांचा संच काय कामाचा? प्रोजेक्टरचा दिवा मंद झाला तेव्हा नव्या दिव्याची किंमत ऐकून शाळा व्यवस्थापन समितीची बैठक तिथेच आटोपली. इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर घालायचं असतं हे सुट्टीत कोणाच्या लक्षात राहत नाही. वस्तू बंद पडली तरी डेडस्टॉक रजिस्टरला ती असतेच. निर्लेखन होईपर्यंत ती सांभाळायची आणि बदलीच्या वेळी मोजून द्यायची. तेव्हा साध्या फाइली चालवणारा, तालुक्याला दुरुस्त होणारा टीव्ही घ्या. खिडक्या उघड्या ठेवूनही तो दिसतो. मात्र घेण्याआधी शेवटच्या रांगेत स्वतः मांडी घालून बसा आणि अक्षर वाचता येतं का बघा. टॅबच्या मागे लागू नका. ते चार्ज करणं आणि कपाटात मोजून ठेवणं यातच शिक्षकाचा अर्धा तास जातो.

तंत्रज्ञानाने आमचं काम हलकं झालं का, असं कोणी विचारलं तर मी नाही म्हणेन. सरल आणि यू-डायसच्या पोर्टलांवर माहिती भरा, लिंका भरा, आणि "आजच्या उपक्रमाचे फोटो ग्रुपवर टाका." कितीदा तरी उपक्रम फोटोसाठी होतो आणि फोटो निघाला की संपतो. मुलांचे चेहरे स्टेटसला लावण्याची तर साथच आली आहे. वैयक्तिक डेटा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्यात अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे निदान शिक्षकांनी तरी ध्यानात घ्यावं. मुलाचा चेहरा न दाखवता त्याची वही दाखवा, काम तेवढंच दिसतं.

देणगी द्यायला येणाऱ्या गावकऱ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. टीव्ही जरूर द्या, पण त्याच्याबरोबर पुढच्या पाच वर्षांच्या वीजबिलाचं आणि दुरुस्तीचं बघा. तेवढं जमणार नसेल तर टीव्ही राहू द्या. त्याच पैशात एक चांगला स्पीकर, चार भिंगं, एक तराजू आणि पेटीभर गोष्टींची पुस्तकं येतात, आणि त्यांतलं बरंचसं वीज नसतानाही चालतं.