गोळी घेणारा भाऊ अविश्वासी काय?
(शास्त्रभाग : लूक १०:३०–३७)

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रदेशांतील आमच्या मंडळ्यांस दारूने होणारी हानि सांगावयास नको. गडचिरोलीत १९९३ साली दारूबंदी झाली. चंद्रपुरात ती २०१५ साली आली व २०२१ साली उठली. परंतु कायद्याने दुकान बंद झाले तरी व्यसनी मनुष्याच्या मेंदूतील तहान बंद होत नाही. अफूपासून होणाऱ्या गर्दची तहान तर अतितीव्र असते. कामासाठी शहरी गेलेला एखादा तरुण ती घेऊन घरी परतला, तर मंडळीने कसे वागावे, हे या धड्यात पाहू.

देवाने आमच्या देहात वेदना शमविणारे रस ठेविले आहेत. अफूसारखे कार्य करणारे असे रस मेंदूतच असतात, हे १९७५ साली स्कॉटलंडातील ॲबर्डीन येथील शोधकांनी दाखविले. मेंदूच्या पेशींवर जणू कुलपे आहेत, व हे रस त्यांच्या किल्ल्या होत. गर्दही त्याच कुलपांस लागते, परंतु अतोनात. नित्य असे झाल्याने कुलपे जड होतात. पहिल्या मात्रेने भागत नाही, व देहाचा स्वतःचा रस पुरत नाही. गर्द थांबताच अंग ठणकते, घाम सुटतो, ओकारी व जुलाब होतात, झोप उडते. मग मनुष्य सुखासाठी नव्हे, तर हा त्रास चुकविण्यासाठी गर्द घेतो.

ब्युप्रेनॉर्फिन नावाची गोळी त्याच कुलपात घट्ट बसते, परंतु ते अर्धवटच उघडते. त्यामुळे तहान शमते व मनुष्य कामास लागतो. नाल्ट्रेक्सोन हे दुसरे औषध कुलूप न उघडता ते अडवून धरते. दारूही मेंदूतील तेच रस उसळविते, म्हणून हे औषध दारू सोडणाऱ्यांसही देतात. मात्र गर्द देहातून पुरते गेल्यावाचून ते घेणे घातक आहे. यास्तव सर्व काही डॉक्टरांच्या आज्ञेने व्हावे.

कित्येक भाऊ म्हणतात, “विश्वास आहे तर गोळी कशाला? ही तर एक नशा सोडून दुसरी धरणे होय.” असे बोलणे जिवावर बेतू शकते. लाजेने त्याने गोळी टाकली, आणि काही काळाने मोहात पडून पूर्वीइतकीच मात्रा घेतली, तर सवय मोडलेला देह ती सोसत नाही. श्वास बंद पडून मरण येते. हिवतापाची गोळी घेणाऱ्यास आम्ही अविश्वासी म्हणत नाही. मग यासच का म्हणावे?

शोमरोनी मनुष्य जखमा बांधून निघून गेला नाही. त्याने घायाळास उतारशाळेत नेले, त्याची काळजी घेतली, खर्च दिला व पुन्हा येण्याचे वचन दिले. बरे होण्यास वेळ लागतो, हे त्यास ठाऊक होते. मेंदू सावरण्यासही महिने, कधी वर्षे लागतात.

अशा उतारशाळा आमच्या देशातही आहेत. पुण्यात डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली मुक्तांगण स्थापिले. गडचिरोलीत डॉ. राणी व डॉ. अभय बंग यांच्या सर्च संस्थेच्या पुढाकाराने २०१६ साली दारू व तंबाखू यांविरुद्ध मुक्तिपथ सुरू झाले. उपदेशकांनी अशा भावास दवाखान्यात स्वतः न्यावे, व तो पडला तरी पुन्हा न्यावे. मंडळीने प्रार्थना करावी, आणि गोळीची वेळही आठवण करून द्यावी.

प्रश्न : (१) गोळी एकाएकी सोडण्यात कोणता धोका आहे? (२) आमच्या मंडळीत उतारशाळेचा खर्च कोण सोसील?