अर्धा इंच म्हणजे किती? – गळक्या नळाने शिकवलेला धडा



कार्यानुभवाच्या या पानावर आम्ही आजवर कागदकाम, शिवण, बागकाम यांविषयी लिहीत आलो. या वेळचा विषय नळदुरुस्तीचा आहे. निमित्त आमच्याच एका चुकीचे आहे. ती चूक लपवून ठेवण्यापेक्षा तिचा धडा केला तर अनेकांच्या उपयोगी पडेल, असे आम्हा दोघा कार्यानुभव शिक्षकांना वाटले.

बेळगावात उद्यमबागेतल्या कारखान्यांमुळे लेथ, ड्रिल, कानस, व्हर्निअर हे शब्द पुष्कळ घरांत रोजचे आहेत. कुणाचे बाबा टर्नर, कुणाचे काका फाउंड्रीत. काही घरांच्या मागच्या पडवीत छोटा लेथसुद्धा आहे. हे कौशल्य घरातला नळ दुरुस्त करायला कसे वापरता येते आणि कुठे वापरू नये, ते पाहू.

थेंबाचा हिशेब

आपल्या शाळेत पिण्याच्या पाण्याचे सहा नळ आहेत. त्यांतला चौथा गेल्या वर्षी ठिबकू लागला. सेकंदाला एक थेंब. "एवढ्याने काय होते?" असे सगळेच म्हणत होते. म्हणून सातवीच्या मुलांनी नळाखाली मोजपात्र ठेवले. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर पाणी भरले. मग हिशेब सोपा झाला. तासाला ३६०० थेंब म्हणजे १८० मिलिलिटर. दिवसाला ४.३२ लिटर. वर्षाला सुमारे १५७७ लिटर. आपल्या शाळेची टाकी १००० लिटरची. म्हणजे वर्षभरात एका नळाने दीड टाकी पाणी पिऊन टाकले असते! थेंबे थेंबे तळे साचते, तशी थेंबे थेंबे टाकी रिकामीही होते.

आमची चूक

आम्ही नळाचा वायसर बदलला. तरी गळती थांबेना. मग नवा नळ आणला. पण जुन्या नळाची मान लांब होती, नवा नळ भिंतीतल्या एल्बोपर्यंत पोहोचेना. मध्ये पितळेचा एक जोडतुकडा हवा होता. "बाजारात कशाला जायचे, आपणच करू" असे म्हणून एका सहकाऱ्याच्या घरच्या लेथवर आम्ही तो करायला घेतला.

नळाच्या आट्यांवर व्हर्निअर लावला. माप आले २१ मिलिमीटर. आम्ही २१ मिलिमीटरचा तुकडा कातला. लेथवर २ मिलिमीटर अंतराचे आटे पाडण्याची गिअरजोडणी आधीच लावलेली होती, ती तशीच ठेवून आटे पाडले. तुकडा चकचकीत दिसत होता. शाळेत आणून एल्बोला लावला. दोन फेरे अगदी सहज गेले. तिसऱ्याला जड लागला. "घट्ट बसतोय, चांगलेच आहे" असे समजून आम्ही पाईप पाना लावला आणि जोर केला.

कट् असा आवाज झाला आणि भिंतीतला जुना एल्बो उभा तडकला.

काम सुरू करण्याआधी टाकीखालचा व्हॉल्व्ह आम्ही बंद केला होता. निदान आम्हाला तसे वाटत होते. त्याचे चाक फिरत होते, पण आतली पट्टी गंजून अडकलेली होती. नळ काढल्यावर आलेली धार आम्ही पाईपमधले उरलेले पाणी समजलो होतो. फडकी दाबली, सायकलची ट्यूब गुंडाळली. तासाभरात टाकी रिकामी झाली. दिवस उन्हाळ्याचे. मुलांना प्यायला पाणी नाही म्हणून शाळा अर्ध्या दिवसात सोडावी लागली. जे पाणी वाचवायला निघालो, तेच आम्ही आमच्या हाताने सांडले.

आजोबांचा पहिला प्रश्न

संध्याकाळी आठवीतल्या एका विद्यार्थिनीचे आजोबा शाळेत आले. उद्यमबागेत उभा जन्म टर्नर म्हणून काढलेले. त्यांनी आमचा तुकडा हातात घेतला, नखाने आटे चाचपले आणि विचारले, "सर, आटे मोजले होते का?"

आम्ही म्हणालो, "व्यास मोजला होता, काका."

"व्यास मोजला, आटे नाही मोजले." ते हसले नाहीत. "आटा बरोबर असला की हाताने आपणहून जातो. जड लागला की थांबायचं आणि बघायचं. पाना शेवटी लावायचा."

मग त्यांनी आमचीच शिकवणी घेतली. ती इथे थोडक्यात देतो.

अर्ध्या इंचाचे गणित

घरातल्या साध्या नळाला आपण 'अर्धा इंची' म्हणतो. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. मग आट्यांवर माप २१ का येते? कारण हे नाव आट्यांच्या व्यासाचे नाही. लोखंडी पाईपच्या आतल्या पोकळीवरून ते पडले आहे. त्या पाईपच्या बाहेरच्या अंगावर आटे पाडायचे, म्हणून आट्यांचा व्यास मोठा.

आपल्याकडच्या नळांचे आटे बी.एस.पी. या ब्रिटिश मापाचे असतात. त्याचे मूळ इंग्लंडचे यंत्रतज्ज्ञ जोसेफ व्हिटवर्थ यांच्याकडे जाते. १८४१ साली त्यांनी सगळ्या कारखान्यांनी स्क्रूचे आटे एकाच मापाचे करावेत असे सुचवले. त्याआधी प्रत्येक कारखान्याचा आटा निराळा असे. व्हिटवर्थ आट्याचा कोन ५५ अंशांचा, आणि तोच आजही आपल्या नळांवर आहे. मेट्रिक बोल्टच्या आट्याचा कोन मात्र ६० अंशांचा असतो.

ध्यानात ठेवायची मापे अशी:

अर्धा इंची: व्यास २०.९५५ मि.मी., एका इंचात १४ आटे.
पाऊण इंची: व्यास २६.४४१ मि.मी., एका इंचात १४ आटे.
एक इंची: व्यास ३३.२४९ मि.मी., एका इंचात ११ आटे.

एका इंचात १४ आटे म्हणजे दोन आट्यांतले अंतर २५.४ ÷ १४ = १.८१४ मि.मी. आम्ही पाडले होते २ मि.मी.चे. प्रत्येक फेऱ्याला ०.१८६ मि.मी.चा फरक. दोन फेऱ्यांत तो खपला, तिसऱ्याला साठून अडला. आम्ही त्या अडण्याला घट्टपणा समजलो.

आटे मोजायला गेज नसेल तर? आजोबांनी वहीचा कागद फाडला, नळाच्या आट्यांवर दाबला आणि उमटलेल्या रेघा पट्टीवर ठेवल्या. अर्ध्या इंचात ७ रेघा. म्हणजे इंचात १४. लागला एक कागद आणि अर्धे मिनिट.

योग्य तुकडा कसा झाला

दुसऱ्या दिवशी त्यांच्या पडवीतल्या लेथवर काम झाले. त्या लेथच्या लीड स्क्रूला इंचात ४ आटे आहेत. आपल्याला १४ हवेत. ४ : १४ हे प्रमाण २० : ७० असेही लिहिता येते. म्हणून स्पिंडलच्या बाजूला २० दातांचे आणि लीड स्क्रूवर ७० दातांचे गिअर लावले. सातवीच्या पुस्तकातले गुणोत्तर असे लेथवर फिरताना दिसले!

आट्याची खोली अंतराच्या ०.६४ पट, म्हणजे १.१६ मि.मी. पण ती एकदम कापायची नाही, थोडी थोडी घ्यायची. आणखी एक गोष्ट. पाईपच्या सांध्यात बाहेरचे आटे किंचित निमुळते असतात, १६ मि.मी. लांबीला व्यास १ मि.मी.ने कमी. त्यामुळे शेवटी सांधा आवळला जातो आणि पाणी धरतो. आजोबांनी लेथवर आटे थोडे उथळ ठेवले आणि शेवटचा हात पाईपच्या डायने फिरवला. निमुळतेपणा डायमुळे आपोआप आला. काठाची धार नातीने कानशीने मारली. तुकडा धुऊन त्यातला कीस आणि तेल काढून टाकले.

नवा एल्बो बसवल्यावर जोडतुकडा हाताने चार फेरे गेला. मग काढून, आटे ज्या दिशेने आवळतात त्याच दिशेने टेफ्लॉन टेप गुंडाळली आणि पुन्हा लावला. पाना शेवटच्या फेऱ्यापुरताच.

जुना नळ टाकून का दिला नाही

आम्ही भंगारात काढलेला जुना गनमेटलचा नळ आजोबांनी उघडून दाखवला. वायसर ज्या गोल कडेवर बसतो, तिला पाण्याने बारीक चर पाडली होती. वायसर कितीही नवा घातला तरी त्या चरीतून पाणी येणारच. त्यांनी एक पितळी बुश कातला. त्याला बाहेरून नळाच्या डोक्याचे आटे पाडले आणि मधोमध सरळ भोक पाडले. भोकातून एक दांडी घातली. दांडीच्या टोकाला पाणी दिलेल्या पोलादाची दात पाडलेली चकती. हलका दाब देऊन दांडी हाताने दोन-तीन वेळा फिरवली की कडा पुन्हा सपाट. बुशमुळे चकती तिरकी जात नाही, ही त्यातली खुबी. नळ जोडला. थेंब थांबला. तो नळ आज शाळेच्या बागेत आहे.

कुठे थांबायचे

कौशल्य आहे म्हणून सगळीकडे हात घालू नये. पुढील गोष्टी पालकांनी जरूर वाचाव्यात.

१. गिझरचा सेफ्टी व्हॉल्व्ह गळतो म्हणून तिथे बूच करून बसवणे अत्यंत धोक्याचे आहे. आतला दाब बाहेर पडायला तीच वाट असते. गिझर फुटू शकतो. तिथे जाणकारालाच बोलवावे.

२. गॅसच्या नळीला किंवा रेग्युलेटरला घरी केलेला तुकडा कधीही लावू नये.

३. पिण्याच्या पाण्याच्या नळासाठी भंगारातले अनोळखी पितळ वापरू नये. लेथवर सहज कातता यावे म्हणून काही पितळांत शिसे मिसळलेले असते. सांध्याला शिशाचा सफेदाही लावू नये. विकत मिळणारा योग्य तुकडा असेल तर तोच घ्यावा.

४. प्लॅस्टिकच्या आतल्या आट्यांत धातूचा निमुळता आटा जोराने आवळला तर फिटिंग तडकते. तिथे हाताचा जोर आणि थोडासा पाना पुरे.

५. पाण्याच्या मीटरला आणि त्याच्या अलीकडच्या जोडणीला आपण हात लावायचा नाही.

६. लेथवर काम मोठ्यांनीच करावे, मुलांनी सोबत उभे राहून शिकावे. सैल बाह्या, ओढणी, हातमोजे नकोत. डोळ्यांना चष्मा हवा. चकची चावी चकमध्ये विसरू नये.

आणि सगळ्यांत आधी व्हॉल्व्ह बंद करून खात्री करावी. नुसते चाक फिरले म्हणजे बंद झाला असे नाही. खालचा नळ उघडून धार पूर्ण थांबते का ते पाहावे. आमचे नुकसान खरे तर इथेच झाले. विश्वस्त मंडळाने त्यानंतर टाकीला नवा व्हॉल्व्ह बसवून दिला, त्याबद्दल आभार. आमची आणखी एक विनंती आहे. शाळेतले सर्व व्हॉल्व्ह कुठे आहेत याचा नकाशा कार्यालयात लावावा आणि दर सहामाहीला ते फिरवून पाहावेत.

घरचा अभ्यास

१. घरातला गळका नळ शोधा. एक तास भांडे ठेवून पाणी मोजा आणि वर्षाचा हिशेब मांडा.

२. घरातला मुख्य व्हॉल्व्ह कुठे आहे ते विचारा. मोठ्यांसमोर तो बंद करून पाणी खरोखर थांबते का ते पाहा.

३. जुन्या नळाच्या आट्यांवर कागद दाबून अर्ध्या इंचातल्या रेघा मोजा.

४. घरात कुणी कारखान्यात काम करत असेल तर त्यांना विचारून त्यांच्या कामातले दहा शब्द अर्थासह लिहा. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक 'सूत', हा पहिला शब्द आम्ही दिला. उरलेले नऊ तुम्ही आणा.

हा चौथा प्रश्न आम्ही मुद्दाम घातला आहे. त्या दिवशी आजोबा शाळेत आले तेव्हा त्यांची नात दाराआड उभी होती. आपले आजोबा कामाच्या कपड्यांत शाळेत आले याचा तिला संकोच वाटला असावा. पुढच्या आठवड्यात फळ्यावर २० : ७० चे गणित तिनेच वर्गाला समजावून सांगितले. आणि "हे माझ्या आजोबांनी शिकवलं" असे सांगताना तिचा आवाज सगळ्या वर्गाला ऐकू गेला.