गाण्यालाही आपला समय असतो

शास्त्रपाठ: स्तोत्र १३७, लेवीय २३:९–१४, अनुवाद २६:१–११



पुण्यातल्या आमच्या मंडळीत महिलांची भजन मंडळी मी बावीस वर्षे चालवते आहे. दर गुरुवारी दुपारी चार वाजता चर्चच्या हॉलमध्ये तालीम असते. पेटी, ढोलकी, टाळांच्या दोन जोड्या आणि बारा-पंधरा बायका. त्याआधी, तरुणपणी, मी सहा वर्षे आदिवासी मुलींच्या बोर्डिंगमध्ये बाई होते. हा धडा या दोन्ही कामांतून आला आहे. त्यातला अर्धा भाग माझ्या चुकीचा आहे, तो आधी सांगते.

एप्रिलमधला कार्यक्रम

दोन वर्षांपूर्वी एप्रिल महिन्यात आम्ही मदतनिधीसाठी कार्यक्रम ठेवला. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या एका ठाकरवाडीतून बायका आणि मुली बोलावल्या. कार्यक्रमपत्रिकेवर आम्हीच छापून टाकले: "आदिवासी गौरी नृत्य, दहा मिनिटे." एकसारखी लुगडी भाड्याने आणली. मुली नाचल्या, टाळ्या पडल्या, दानपेटी भरली.

वाडीतली सर्वांत म्हातारी बाई मात्र पडद्यामागे बसून होती. ती गायली नाही. मी विचारले, "आजी, तब्येत बरी नाही का?" ती म्हणाली, "तब्येतीला काय झालंय? तेरडा कुठं फुललाय अजून? गवर आनायची कशाची?"

तिच्या बोलण्याचा अर्थ कळायला मला थोडा वेळ लागला. मावळात, कोकणपट्टीत गौर आणतात ती रानातल्या तेरड्याची. तेरडा पावसाळ्यात उगवतो आणि भाद्रपदात फुलतो. एप्रिलच्या उन्हात रानात तेरडा नसतो, म्हणून गौर नसते, म्हणून गाणेही नसते. म्हातारीचा तो रुसवा नव्हता, साधा हिशोब होता.

त्याच दिवशी जेवणाच्या वेळी वाडीतली एक बाई माझ्याजवळ आली. तिने मला ओळखले, मी तिला नाही. ती माझ्या बोर्डिंगमधली मुलगी होती. आता तिलाच दहा वर्षांची मुलगी आहे. ती हसून म्हणाली, "बाई, तुम्ही शिकवलेली सगळी गाणी अजून पाठ आहेत. आजीचं एकबी येत नाय."

तिच्या मनात तक्रार नव्हती. पण मला आठवले. रात्री दिवे गेल्यावर मुली खोलीत फेराची गाणी म्हणत आणि मी दारावर टकटक करून सांगत असे, "ते नको, प्रार्थनेचे गीत म्हणा." मला तसे करायला कोणी सांगितले नव्हते. मला ते चांगले वाटत होते, एवढेच.

गाणे कशावर उभे असते?

त्यानंतर मी या विषयाचा थोडा अभ्यास केला. पुण्यात क्वीन्स गार्डन भागात आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, १९६२ साली सुरू झालेली. तिथल्या संग्रहालयात वाद्ये आहेत, बोहाड्याचे मुखवटे आहेत. या संस्थेचे संचालक राहिलेले डॉ. गोविंद गारे हे स्वतः जुन्नरच्या डोंगरातले, महादेव कोळी समाजातले. त्यांच्या पुस्तकांतून आपल्याच जिल्ह्यातल्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी समाजांची ओळख होते. ज्यांना शक्य आहे त्यांनी मुलांना घेऊन ते संग्रहालय एकदा पाहावे.

मला समजले ते असे: डोंगरातले गाणे कामावर आणि ऋतूवर उभे असते. आषाढात आवणीच्या चिखलात वाकून रोपे लावताना एक गाणे, श्रावणात पंचमीच्या झोक्यावर दुसरे, भाद्रपदात गौरीच्या फेराचे तिसरे. पीक तयार झाले की खळ्यावरचे वेगळे. पालघरच्या वारल्यांचा तारपाही असाच. वाळवलेला भोपळा, बांबूच्या नळ्या आणि ताडाच्या पानांचा कर्णा मेणाने जोडून तो करतात. नवे भात तयार होते तेव्हापासून मुख्यतः दिवाळीपर्यंत तो घुमतो. वारली लग्नात धवलेरी गाते. ती नुसती गाणारी नसते, तिच्या गाण्यानेच लग्न लागते.

पुणेकरांना हे नवे वाटू नये. शेजारच्या वाड्यात, सोसायटीत भोंडला होतो तो हस्त नक्षत्राच्या पावसात. पाटावर हत्ती काढतात, कारण हस्ताचे चिन्ह हत्ती. खिरापत ओळखायची गंमतही तेव्हाचीच. मे महिन्यात कोणी शेजारणीला म्हणाले, "दहा मिनिटे भोंडला करून दाखवा," तर ती हसेल. आम्ही म्हातारीला नेमके तेच म्हटले होते.

आधार गेला की गाणेही जाते. याचे मोठे उदाहरण जात्यावरच्या ओव्यांचे. पुण्यातल्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी सहकाऱ्यांसह १९८०च्या दशकापासून मुळशी, मावळ आणि पुढे महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गावात विजेची गिरणी आली. बायकांचे पहाटेचे कष्ट वाचले, ते चांगलेच झाले. पण ज्या वेळी, ज्या हालचालीवर ओवी सुचत असे ती वेळही गेली. म्हाताऱ्या बायकांना ओवी आठवायची तर हात जात्याच्या खुंट्यावर ठेवावा लागे. त्या दोघांनी वेळेत लिहून घेतले म्हणून ते धन राहिले.

शास्त्र काय शिकवते?

स्तोत्र १३७ आपण सगळ्यांनी वाचले आहे. बाबेलच्या नद्यांकाठी बंदिवान बसले आहेत. त्यांना नेणारे लोक करमणूक म्हणून सीयोनेचे गाणे मागतात. बंदिवान वीणा झाडांना टांगून ठेवतात. आजवर हे स्तोत्र वाचताना मी स्वतःला नेहमी बंदिवानांच्या बाजूला धरत आले. एप्रिलच्या त्या कार्यक्रमानंतर पहिल्यांदा मनात आले की मी गाणे मागणाऱ्यांच्या बाजूला तर नाही ना? आमचा हेतू चांगला होता, दान चांगल्या कामाला गेले. तरीही आम्ही गाणे मागितले ते आमच्या सोयीच्या दिवशी, आमच्या दहा मिनिटांत.

लेवीय २३ मध्ये सणांच्या वेळा नेमून दिल्या आहेत. पहिली पेंढी अर्पण होईपर्यंत नवे धान्य खायचे नाही असा नियम आहे. डोंगरातही नवे भात आधी देवाला दाखवून मगच खातात. अनुवाद २६ मध्ये पहिल्या उपजाची टोपली आणणारा माणूस आपल्या पूर्वजांची गोष्ट सांगतो: कोण होतो, कुठून आलो, कसे सोडवले गेलो. पीक, दिवस आणि पूर्वजांची आठवण ही तिन्ही तिथे एकत्र येतात. खळ्यावरच्या गाण्यातही मी तेच ऐकले.

आपल्यापैकी काहींना एक प्रश्न पडेल. आमच्या कमिटीतही तो निघाला: या गाण्यांत दुसऱ्या दैवतांची नावे असतात, ती आपण ऐकावी का? एका बंधूंनी सुचवले की शब्द बदलून घ्यावेत. मला ते पटले नाही. आपली श्रद्धा आपण सोडत नाही. पण दुसऱ्याच्या घरी पाहुणे गेल्यावर भिंतीवरची चित्रे आपण उतरवत नाही. पौल अथेन्सात गेला तेव्हा आधी फिरून त्यांची पूजास्थाने पाहिली, त्यांच्या कवींचे बोल ध्यानात ठेवले आणि मग बोलला. शिवाय आपल्याला स्वतःच्या सुरात गाता येणे म्हणजे काय हे मराठी ख्रिस्ती माणसाइतके कोणाला ठाऊक? फादर स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ साली ओवीत आले. रेव्ह. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग आणि भजन उपासनेत रुजवले. परक्या चालींवर गाणारी मंडळी आपल्या चालींवर गाऊ लागली तेव्हा तिचा कंठ मोकळा झाला. जे आपल्याला मिळाले ते दुसऱ्याकडून काढून घेऊ नये.

आमची तालीम

पुढच्या वर्षी आम्ही वाडीला विचारले, "तुम्ही कधी याल आणि काय गाल?" उत्तर आले: "भात झोडून झाल्यावर." म्हणून हंगामाच्या उपकारस्तुतीच्या आठवड्यात चौघी जणी आल्या. म्हातारीही आली. गुरुवारच्या तालमीला आम्ही त्यांच्यासोबत बसलो.

आमची पद्धत अशी: वही उघडायची, पेटीवर स्वर लावायचा, चुकले की पुन्हा पहिल्यापासून. त्यांच्याकडे वही नाही. एक जण पुढे म्हणते, बाकीच्या तिची ओळ झेलतात. मधेच ती समोरच्या बाईचे नाव गाण्यात घालते आणि सगळ्या हसतात. आम्ही खुर्च्या दिल्या तर म्हातारी म्हणाली, "बसून येत नाय बाय, पाय चालला पायजे." खुर्च्या भिंतीला लावल्या. आमच्या पेटीवाल्या भगिनीला त्यांचा स्वर सापडेना. तिने शेवटी पेटी मिटली आणि फेरात जाऊन उभी राहिली. नवशिकी नेहमी फेराच्या शेपटाला असते, असे आम्हाला सांगण्यात आले. आम्ही सगळ्या शेपटालाच होतो.

रविवारी उपासनेनंतर हॉलमध्ये त्या गायल्या. भाड्याची लुगडी नव्हती, माईक नव्हता, वेळेचे बंधनही ठेवले नाही. काही मंडळी अर्ध्यातून उठून गेली. दानपेटीत एप्रिलपेक्षा कमी जमले. खजिनदारांनी आकडा सांगितला तेव्हा वाईट वाटले, हे मी लपवत नाही. त्या पैशांतून बोर्डिंगच्या वह्या, औषधे येतात.

पण एक गोष्ट ठरली. आता बोर्डिंगमध्ये महिन्यातून एका शनिवारी वाडीतल्या आज्या येतात आणि मुलींबरोबर त्या महिन्याची गाणी म्हणतात. लिहून घेण्याचे काम मोठ्या मुली करतात. आज्यांच्या एस.टी.चे भाडे आणि एक वेळचे जेवण एवढाच खर्च आहे. आपल्या देणगीतला एक भाग तिकडे जातो, तो जाणून द्यावा ही विनंती.

गेल्या भाद्रपदात तेरडा फुलल्यावर मी वाडीत गेले. रात्री फेर धरला होता. माझी जुनी विद्यार्थिनी शेपटाला होती, पुढच्या बाईच्या पायांकडे बघत, ओळ अर्धी धरत, अर्धी सोडत. तिची मुलगी तिच्या चार जणी पुढे होती.

गटात बोलण्यासाठी प्रश्न

१. तुमच्या आजीचे कोणते गाणे तुम्हाला येते? ते कोणत्या कामाशी किंवा दिवसाशी जोडलेले होते?

२. मदत करताना आपण समोरच्याकडून करमणुकीची अपेक्षा ठेवतो का? स्तोत्र १३७ पुन्हा वाचा आणि आपण कोणत्या बाजूला आहोत ते प्रामाणिकपणे सांगा.

३. आपल्या मंडळीच्या पुढच्या कार्यक्रमात पाहुण्यांना दिवस आणि गाणे स्वतः निवडू दिले, तर आपल्याला काय बदलावे लागेल? काय सोडावे लागेल?