कांपांगो मासा आणि काचेचा हौद

आफ्रिकेच्या पूर्व भागांत मलावी नांवाचें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें ५८० किलोमीटर, खोली कांहीं ठिकाणीं ७०० मीटर. डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८५९ सालीं त्याच्या कांठीं पोहोंचले. १८७५ सालीं स्कॉटिश मिशननें तेथें ठाणें घातलें. हें सरोवर आणि त्यांतून निघणारी शायर नदी हेंच कांपांगो माशाचें घर. आपल्या नद्यांतील शिंगाळ्याचा हा आप्त होय. अंगावर खवले नाहींत. तोंडाभोंवतीं मिशांसारखे लांब तंतू असतात. दिवसा तो खडकांच्या आडोशास राहतो, रात्रीं लहान मासे गिळीत हिंडतो आणि एक मीटरपर्यंत वाढतो.

असा हा दरोडेखोर घरांत मात्र मोठा प्रेमळ! नर व मादी मिळून पिलांची राखण करितात. मादी न फळलेलीं अंडीं घालून तींच पिलांना खाऊं घालते. नर तळांतील बारीक जीव तोंडांत भरून आणतो आणि कल्ल्यांवाटे पिलांपुढें सोडतो. कांहीं वेळां दुसऱ्या जातीच्या माशांचीं पिलेंही त्या घोळक्यांत वाढतात.

हौशी लोक ह्याचें बोटभर पिलूं विकत घेतात. घेण्यापूर्वीं थोडें गणित करावें. मीटरभर माशाला सहज वळतां यावें म्हणून हौद तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद व एक मीटर खोल तरी हवा. म्हणजे ४,५०० लिटर पाणी, आणि पाण्याचेंच वजन साडेचार टन! माडीवर तो ठेवण्याचा विचारही नको. तळाशीं मऊ वाळू घालावी, म्हणजे मिशा घासून जखमी होणार नाहींत. लपण्यास मोठ्या शिळांची गुहा करावी. तोंडांत मावेल असा सोबती देऊं नये.

खरी अडचण न दिसणारी आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. गाळणीवर वाढणारे सूक्ष्म जंतु त्याचें प्रथम नायट्राइट व मग नायट्रेट करितात. परंतु हे जंतु स्थिरावण्यास कित्येक आठवडे लागतात. म्हणून नव्या हौदांत लगेच मासा सोडूं नये. आतां रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांनीं लक्ष द्यावें. अमोनियाचीं पाण्यांत दोन रूपें असतात, त्यांतील एकच अतिशय विषारी. २५ अंश सेल्सियसला पीएच ७ असतां हें विषारी रूप शेंकडा अर्ध्याच्या जवळपास असतें. पीएच ८ झाला कीं तें शेंकडा पांचांवर जातें. मलावीचें पाणी तर अल्कधर्मीच! तेव्हां ह्या माशाला मानवणाऱ्या पाण्यांतच त्याची घाण अधिक मारक ठरते. खाणें बेताचें घालावें, उरलेलें त्याच दिवशीं काढावें, आणि दर आठवड्यास चौथा हिस्सा पाणी बदलावें. नळाच्या पाण्यांतील क्लोरीन मात्र आधीं घालवावा.

अतिमासेमारीमुळें कांपांगो आज त्याच्या सरोवरांतच नाश पावण्याच्या बेतास आला आहे. पालकांनीं मुलाचा हट्ट पुरविण्यापूर्वीं हेंही ध्यानांत घ्यावें. आणि मासा हौदांत मावेनासा झाला म्हणून नदींत सोडणें तर मुळींच नको. आफ्रिकेंतलाच दुसरा खादाड मासा, ज्याला बाजारांत थाई मांगूर म्हणतात, त्याची पैदास भारत सरकारनें २००० सालीं बंद केली. तरीही तो आपल्या जलाशयांत सांपडतोच आहे.